वाचक विचारतात : एकूण दाबाचं काय घेऊन बसलात!

मागच्या अंकात मी "समतोल आला म्हणजे रिॲक्शन थांबली असं नाही, दोन्हीकडून सारख्याच वेगाने चालू असते" एवढं एक वाक्य लिहून गेले आणि त्यावर इतके मेसेज आले की या महिन्याचं सगळं सदर त्यातच जाणार. निम्म्याहून जास्त प्रश्न गॅसच्या दाबाचे आहेत, त्यामुळे गंज आणि साबणवाल्यांनी जरा पुढच्या महिन्यापर्यंत दम धरा.

मॅडम, दहावीपर्यंत मी मराठी मीडियमला होते, आता अकरावी सायन्सला सगळं इंग्लिशमध्ये आलंय आणि केपी दिसला की डोकंच चालत नाही. गणित असं होतं : बंद डब्यात २५ अंशांना १ ॲटमॉस्फिअर एनटूओफोर (N₂O₄ हा गॅस) भरला, त्याचा थोडा भाग तुटून एनओटू (NO₂) झाला, समतोलाला एकूण दाब १.१७६ झाला, तर केपी काढा. मी १.१७६ चा वर्ग भागिले १ केलं, १.३८ आलं. पुस्तकात उत्तर ०.१५ आहे. कुठे चुकलं?
— अकरावीची विद्यार्थिनी, सातारा

अगं, डोकं चालतंय तुझं, फक्त तू चुकीचा दाब आत घातलास. केपी हा समतोलाचा आकडा : वर तयार झालेल्या गॅसचा स्वतःचा दाब, खाली उरलेल्याचा, आणि एनओटूचे रेणू दोन म्हणून त्याचा वर्ग. डब्यात एकापेक्षा जास्त गॅस असले की प्रेशर गेजवर दिसतो तो एकूण आकडा त्यात जात नाही. एवढं एक जरी पक्कं बसलं तरी या धड्यातली निम्मी गणितं सुटतात.

असं बघ. डब्यात दोन गॅस आहेत. मनातल्या मनात त्यातला एक पूर्ण काढून टाक, डबा तोच, टेंपरेचर तेच. उरलेला गॅस एकट्याने जेवढा दाब देईल तो त्याचा आंशिक दाब. बस, एवढंच आहे ते. दोघांचे आंशिक दाब मिळवले की एकूण दाब येतो, हे डाल्टनने १८०१ च्या सुमारास सांगितलं आणि साध्या दाबांना ते आजही चालतं. आता एनटूओफोरचा एक रेणू तुटला की एनओटूचे दोन होतात. म्हणून समज एनटूओफोरचा दाब क्ष ने कमी झाला तर एनओटूचा २क्ष ने वाढणार. एकूण झाले १ − क्ष + २क्ष, म्हणजे १ + क्ष. आणि तुला एकूण १.१७६ दिलाय, म्हणजे क्ष आला ०.१७६, इथे तर वर्गसमीकरणही सोडवायला लागत नाही, फुकटात मिळालं. एनटूओफोर उरला ०.८२४, एनओटू झाला ०.३५२. आता ०.३५२ चा वर्ग भागिले ०.८२४ कर बघू. आलं ना ०.१५?

तू वर्ग केलास ते बरोबरच होतं, पण ज्याचा करायचा त्याचा केला नाहीस. आणि खाली १ घातलास तो सुरुवातीचा दाब होता, समतोलाचा नाही. ही दुसरी चूक पहिलीपेक्षा जास्त मुलं करतात, मी तीस वर्षं पेपर तपासलेत, विश्वास ठेव. कागदावर तीन ओळी आखायच्या, सुरुवातीला किती, बदल किती, शेवटी किती, आणि केपीत फक्त तिसरी ओळ घालायची. आळस करून पाठांतरावर जाऊ नकोस.

मॅडम, मी एका शाळेत सायन्स शिकवतो. पुस्तकात लिहिलंय की एनओटू आणि एनटूओफोरचं मिश्रण दाबलं की समतोल एनटूओफोरकडे सरकतो, म्हणून रंग फिका होतो. व्हिडिओत सिरिंज दाबली तर रंग चक्क गडद झाला, मग किंचित उतरला, पण आधीपेक्षा गडदच राहिला. पोरं म्हणाली, सर, ल शॅटेलिए चुकला. मी काय सांगू?
— शिक्षक, नांदेड

सर, पोरांना आधी शाबासकी द्या. डोळ्यांनी दिसलेलं खरं मानायचं आणि पुस्तकाला जाब विचारायचा, हेच तर शिकवायचंय आपल्याला. ल शॅटेलिए म्हणतो, समतोलात ढवळाढवळ केली की तो ती भरून काढायच्या दिशेने सरकतो. ते चुकलेलं नाही, पण "रंग फिका होतो" हे लिहिणाऱ्याने बहुतेक सिरिंज कधी हातात धरली नसावी.

साताऱ्याच्या मुलीच्याच डब्याचे आकडे घेऊ. एनओटू ०.३५, एनटूओफोर ०.८२. आता जागा निम्मी केली. रिॲक्शनला एक क्षण गोठवून ठेवलं असं समजा, तर दोन्ही दाब दुप्पट, ०.७० आणि १.६५. ०.७० चा वर्ग भागिले १.६५ केलं की ०.३० येतं, आणि पाहिजे ०.१५. म्हणजे वरचा आकडा जास्त झालाय, एनओटूने जोड्या जमवून एनटूओफोर व्हायला पाहिजे. तसं होऊन नवीन समतोल येतो तेव्हा एनओटू असतो ०.५१ आणि एनटूओफोर १.७४. करून बघा, भागाकार परत ०.१५.

आता गंमत आकड्यात आहे. तपकिरी रंग फक्त एनओटूचा, एनटूओफोरला रंगच नाही. एनओटू ०.७० वरून ०.५१ वर उतरला हे ल शॅटेलिएचं म्हणणं, आणि ते खरंच झालं. पण सुरुवातीला तो ०.३५ होता! ०.५१ हा ०.३५ पेक्षा जास्तच आहे ना. इथे समतोल सरकून केलेला बदल थोडा भरून निघतो, पूर्ण निघत नाही. म्हणून सिरिंजकडे बाजूने बघितलं तर रंग आधीपेक्षा गडदच दिसणार. फिका बघायचाच असेल तर पिस्टनच्या दिशेने, म्हणजे सिरिंजच्या लांबीतून आरपार बघायला लागेल, कारण दाबल्यावर ती लांबीही निम्मी होते. रंग ठरतो दाब गुणिले लांबी यावर, आधी ०.३५ गुणिले १, नंतर ०.५१ गुणिले अर्धा म्हणजे ०.२६. तिथून मात्र पुस्तक बरोबर. दोघंही खरे, फक्त कुठून बघताय ते सांगायचं राहून गेलं.

अजून एक, हे वर्गात सांगितलंत तर हुशार पोरं खूश होतील. व्हिडिओत आधी गडद आणि मग सेकंदभरात थोडा उतरलेला दिसतो, त्याला सगळे म्हणतात बघा समतोल सरकतोय. नाही हो. ही रिॲक्शन मायक्रोसेकंदांच्या हिशेबात उरकते, डोळ्याला ती पकडताच येणार नाही. झटक्यात दाबल्यावर गॅस गरम होतो, सायकलचा पंप मारताना गरम होतो तसाच, शिवाय जोड्या जमतानाही उष्णता बाहेर पडते. गरम असताना एनओटू जास्त राहतो. मग सिरिंज हळूहळू थंड होते तसा तो कमी होतो, आणि आपल्याला दिसतं ते हे थंड होणं. आणि प्लीज हा प्रयोग बंद सिरिंजमध्ये आणि मोकळ्या हवेतच, एनओटू विषारी आहे, व्हिडिओवर भागत असेल तर व्हिडिओच दाखवा.

क्लासचे सर म्हणतात केपीला युनिट नसतं, कॉलेजचे सर युनिट लिहिलं नाही म्हणून अर्धा मार्क कापतात. शिवाय दोन पुस्तकांत याच रिॲक्शनचा केपी वेगळा, एकात ०.११३ आणि एकात ०.१५. कोणाचं ऐकू?
— बारावीचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

तत्त्वाने क्लासच्या सरांचं, मार्कांसाठी कॉलेजच्या सरांचं. खरं म्हणजे सूत्रात प्रत्येक आंशिक दाब हा प्रमाण दाबाने भागलेला असतो, त्यामुळे युनिट उडून जातं. तो प्रमाण दाब पूर्वी १ ॲटमॉस्फिअर होता, १९८२ पासून १ बार धरायचं ठरलं, आणि १ ॲटमॉस्फिअर म्हणजे १.०१३२५ बार, त्यामुळे फरक अगदी चिमूटभर. पण कोणी दाब पास्कलमध्ये घातले तर अमोनियासारख्या रिॲक्शनचा आकडा १० अब्ज पटीने बदलतो, म्हणून युनिट लिहायचा आग्रह अगदीच वेडेपणाचा नाही. ०.११३ आणि ०.१५ चं म्हणशील तर वेगवेगळी मोजमापं आणि वेगवेगळे तक्ते. पेपरात जे दिलंय ते घे.

जाता जाता, केपीवरून केसी (दाबांऐवजी दर लिटरमधले मोल घालून येतो तो आकडा) काढताना वायूंचा स्थिरांक आर ०.०८२१ घ्यायचा की ८.३१४, यात पोरं हटकून फसतात. दाब ॲटमॉस्फिअरमध्ये आणि आकारमान लिटरमध्ये असेल तर ०.०८२१. २९८ केल्व्हिनला आरटी आला २४.५, इथे त्याने भागायचं, म्हणून ०.१५ चा केसी ०.००६१. ८.३१४ घातलास तर उत्तर शंभर पटीने बोंबलतं. दोन्हीकडे रेणूंची संख्या सारखीच असेल, हायड्रोजन आणि आयोडीनपासून एचआय होतो तशी, तर केपी आणि केसी एकच, तिथे आर शोधत बसू नकोस.

मी खताच्या कारखान्यात ऑपरेटर आहे, डिप्लोमा झालाय. अमोनियाच्या लूपमधून (गॅस परत परत फिरवतात तो भाग) सारखा थोडा गॅस पर्ज करायला, म्हणजे बाहेर सोडायला लागतो, त्यात हायड्रोजन जातो, जो बनवायला एवढा खर्च येतो. साहेब म्हणतात इनर्ट वाढतात. पण आरगॉन तर कशाशीच रिॲक्ट होत नाही ना, मग तो असला काय नसला काय? पुस्तकात पण लिहिलंय की इनर्ट गॅस घातल्याने समतोल बदलत नाही.
— एक वाचक, रायगड

पुस्तकातलं वाक्य अर्धं वाचलंत. पूर्ण वाक्य आहे, "आकारमान कायम ठेवून" इनर्ट गॅस घातला तर. बंद टाकीत वरून आरगॉन कोंबला तर गेज वर चढतो, पण नायट्रोजन, हायड्रोजन, अमोनिया तिघांचे आंशिक दाब होते तेवढेच राहतात, म्हणून काही फरक नाही. तुमचा लूप तसा नाही. तिथे कॉम्प्रेसर एकूण दाब ठरावीक ठेवतो, समजा २०० बार. त्या २०० मध्ये आरगॉन आणि मीथेनने २० बार खाल्ले तर कामाच्या गॅसांना राहिले १८०. एसटीत सीटवर कोणी नुसती पिशवी ठेवून गेला तर ती पिशवी कोणाशी भांडत नाही, पण सीट गेलीच ना.

आणि तोटा १० टक्क्यांचा नाही, जास्त आहे. सूत्र बघा : अमोनियाच्या दाबाचा वर्ग भागिले नायट्रोजन गुणिले हायड्रोजनचा घन. खाली एकूण चार घात आहेत. दोन्ही दाब ०.९ पट झाले की खालची बाजू ०.९ चा चौथा घात म्हणजे ०.६६ पट होते, केपी तर टेंपरेचर बदलल्याशिवाय हलत नाही, म्हणजे वर अमोनियाच्या वर्गालाही ०.६६ पट व्हायला लागणार, आणि अमोनिया झाला ०.८१ पट. अमोनिया थोडाच आहे असं धरून केलेला ढोबळ हिशेब आहे हा, पण १० टक्के इनर्टने समतोलाचा अमोनिया जवळजवळ पाचव्या हिश्शाने घटतो एवढं कळलं तरी साहेबांवरचा राग जाईल. हवेत आरगॉन ०.९३ टक्के असतो, नायट्रोजनबरोबर तो येतो, मीथेन नैसर्गिक वायूतला न तुटलेला. लूपमध्ये गॅस फिरत राहतो, अमोनिया थंड करून काढून घेतात, आणि हे दोघे मात्र बाहेर पडायला दारच नाही म्हणून साठत जातात. पर्ज म्हणजे ते दार. आणि हायड्रोजन वाया जातो असंही सगळीकडे नाही, बऱ्याच प्लांटमध्ये पर्जमधला हायड्रोजन वेगळा काढून परत वापरतात, उरलेला जाळतात.

तुम्ही दाब आणि टेंपरेचरबद्दल विचारलं नाहीत पण मला राहवत नाही. या रिॲक्शनचा केपी २५ अंशांना साधारण ६ लाख आहे, म्हणजे कागदावर सगळाच अमोनिया. पण त्या टेंपरेचरला रिॲक्शन चालतच नाही, नायट्रोजनचा बंध तुटता तुटत नाही. ४०० अंशांना केपी ०.०००१६ च्या आसपास आणि ५०० ला ०.००००१५. कुठे ६ लाख आणि कुठे हे! म्हणून लोखंडाचा कॅटॅलिस्ट, म्हणून प्रचंड दाब. २०० ॲटमॉस्फिअरला समतोलाचा अमोनिया ४०० अंशांवर ३८-३९ टक्के, ५०० वर १८ च्या आसपास, आणि प्रत्यक्षात एका फेरीत साधारण १५ टक्के मिळाला तरी लोक समाधानी. स्वतः ल शॅटेलिएनेही १९०१ मध्ये दाबाखाली हा प्रयोग केला होता, पण उपकरणात हवा मिसळली, स्फोट झाला आणि त्याने नाद सोडला. मग जर्मनीत १९०९ ला हाबरने कार्ल्सरुहला करून दाखवलं आणि १९१३ ला ओपाऊला बॉशने कारखाना उभा केला. ट्रॉम्बे आणि थळच्या खत कारखान्यांत आज जे चालतं ते त्याच घराण्यातलं.

ताई, हा प्रश्न तुमच्या सदरात बसतो का माहीत नाही. आमच्या बाथरूमला गॅस गीझर आहे, छोटी खिडकी थंडीत बंदच असते. पेपरात दर हिवाळ्यात बातम्या येतात. मिस्टर म्हणतात आपल्याकडे गॅसचा वास येत नाही म्हणजे लीक नाही, घाबरू नको. हवेत अगदी ०.१ टक्का कार्बन मोनॉक्साइडने माणूस मरतो म्हणतात, एवढ्याशाने कसं काय?
— गृहिणी, नाशिक

अहो, बसतो म्हणजे काय, या महिन्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. आधी खिडकी उघडा, मग पुढचं वाचा.

मिस्टरांना सांगा, वास येतो तो सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम घातलेल्या द्रव्याचा. कार्बन मोनॉक्साइड लीक होत नाही, तो जळताना तयार होतो, हवा अपुरी पडली की, आणि त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत.

एवढ्याशाने का, तर तेच आपलं समतोलाचं गणित, फक्त डबा म्हणजे तुमचं रक्त. हिमोग्लोबिनवर एका जागेसाठी ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड दोघे भांडतात. कोणाकडे किती हिमोग्लोबिन जाईल ते दोघांच्या आंशिक दाबांच्या गुणोत्तरावर ठरतं, पण कार्बन मोनॉक्साइडच्या बाजूने २०० ते २५० पट वजन टाकलेलं आहे. हे स्कॉटलंडच्या जॉन स्कॉट हॉल्डेनने शोधलं, कोळशाच्या खाणीतले मृत्यू तपासत असताना. (त्यांचा मुलगा जे. बी. एस. हॉल्डेन पुढे भारतातच राहायला आला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला, हे असंच आठवलं.)

आकडे घालू. फुप्फुसात ऑक्सिजनचा आंशिक दाब साधारण १०० मिलिमीटर पारा. हवेत ०.१ टक्का कार्बन मोनॉक्साइड म्हणजे फुप्फुसात सुमारे ०.७ मिलिमीटर. ०.७ गुणिले २२० म्हणजे १५४. तर १०० विरुद्ध १५४, म्हणजे दर १०० मधलं ६० हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडकडे. त्याच्या दहावा भाग, ०.०१ टक्का जरी असला तरी १३ टक्क्यांच्या आसपास जातं. समतोलाला पोचायला तास लागतात हे खरं, पण तिथवर जायची गरजच पडत नाही, अर्ध्या वाटेवरच माणूस कोसळतो आणि मग दार उघडून बाहेर यायची ताकद राहत नाही. बंद बाथरूममध्ये तर दुहेरी मार, ज्योत ऑक्सिजन खाते म्हणून त्याचा दाब उतरतो, आणि ऑक्सिजन कमी झाला की ज्योत अजून जास्त कार्बन मोनॉक्साइड सोडते.

उपायही त्याच समीकरणात आहे. एक दाब घटवता येत नसेल तर दुसरा वाढवा. साध्या हवेत हे विष निम्मं उतरायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर एक-दीड तास, आणि जास्त दाबाच्या चेंबरमध्ये अर्ध्या तासाच्या आत. म्हणून कोणी बाथरूममध्ये चक्कर येऊन पडलं तर आधी बाहेर मोकळ्या हवेत आणायचं, गीझर बंद, आणि सरळ हॉस्पिटल. घरातल्या बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९८ दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका, त्याला ऑक्सिजनवालं आणि कार्बन मोनॉक्साइडवालं हिमोग्लोबिन वेगळं ओळखता येत नाही. आणि गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या जागी बसवून घ्या, त्यात चालढकल नको.

मॅडम, आमच्या आजोबांची चुन्याची भट्टी होती. ते म्हणायचे, भट्टीला वारा लागला नाही तर कितीही जाळा, दगड कच्चाच राहतो. मी समजायचो वाऱ्याने आग पेटते म्हणून. एवढंच कारण आहे का?
— एक वाचक, यवतमाळ

आगीचं आहेच, पण आजोबांच्या बोलण्यात अजून काहीतरी होतं. चुनखडी तापली की कळीचा चुना आणि सीओटू होतो, आणि इथे केपी म्हणजे नुसता सीओटूचा दाब, दोन्ही घन पदार्थ सूत्रात येतच नाहीत. ९०० अंशांच्या आसपास हा दाब १ ॲटमॉस्फिअर होतो, तिथे दगड कोणाला न विचारता फुटतो. पण ८०० ला तो फक्त पाव ॲटमॉस्फिअर. आता कोळसा जळूनही सीओटूच होतो, हवेतला सगळा ऑक्सिजन संपला तर जवळजवळ ०.२१ ॲटमॉस्फिअर. म्हणजे धूर कोंडला तर दगडाभोवती आधीच ०.२१ आहे, आणि दगडाला ढकलायचा आहे ०.२५. काय डोंबल पुढे सरकणार! वारा आला की तो सीओटू वाहून जातो, दाब उतरतो आणि दगड परत फुटायला लागतो. साध्या हवेत सीओटू इतका कमी असतो की तिथे नुसत्या हिशेबाने साडेपाचशे अंशांनाही सुरुवात होऊ शकते, फक्त फार सावकाश.

मोठ्या दगडाच्या पोटात मात्र वारा पोचत नाही, उष्णताही तिथे सगळ्यात शेवटी जाते आणि सीओटूला बाहेर यायला वाट नसते. पानाचा चुना दाताखाली कधी कचकन लागतो ना, तो बहुतेक असल्याच पोटातला कच्चा राहिलेला खडा.